पायाला डबा, डोक्याला नाही

३ मार्च, रविवार
पेंटरला दवाखान्यात ठेवून घेतलं. मनाच्या आजाराच्या वॉर्डात. एका खोलीत राहतो आम्ही, तरी मला उशिराच कळलं. झोपत नव्हता. भिंतीतून कोणी बोलतंय म्हणायचा. मी म्हणायचो, शेजारचा टीव्ही असेल. परवा उठून भिंतीला रंगाचे हात मारत सुटला — आवाज बुजावा म्हणून!

प्रार्थनेच्या हॉलमध्ये सांगितलं. हॉल काका चालवतात. पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांनी डोळे मिटले. "मन खंबीर ठेव म्हणावं त्याला." झालं. पुढचं गाणं सुरू.

५ मार्च
लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री. हात आपोआप चालतात, डोकं मोकाट. हॉलमधल्या प्लंबरचा पाय मोडला तेव्हा हॉलची रीत पाळली सगळ्यांनी — आजाऱ्याच्या घरी पाळीपाळीने डबा. पाय बरा होईतो प्लंबर गुटगुटीत! पेंटरकडे कोण गेलं? मी एकटा. आणि मीही लगेच पळालो. काय बोलायचं तेच कळेना.

१० मार्च, रविवार
बोललोच! उभा राहून! सातवी नापास माणूस मी! "पायाला डबा, डोक्याला नाही का?" शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरगा खरं बोलतोय. भीती वाटते आपल्याला, दुसरं काय!" काका वहीत पुढचं गाणं शोधत राहिले.

११ मार्च
उत्साह नडला. अख्खा हॉल एकदम वॉर्डात. पेटीसकट! गाणं काय, टाळ्या काय. वर प्लंबर म्हणाला, "श्रद्धा असेल तर गोळ्या कशाला लागतात?" पेंटर उठला, संडासात गेला, आतून कडी. नर्स तडकली, "दवाखाना आहे की लग्नाचा मांडव?" हाकललं सगळ्यांना.

मावशी तेवढ्या मागे राहिल्या. नर्सला काय पटवलं देव जाणे. मी वॉर्डाच्या दाराआडून बघत होतो. संडासाच्या दाराबाहेर स्टूल टाकून शर्टांना बटणं लावत बसल्या. प्रश्न नाही, उपदेश नाही. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"मावशी, घरी नाही गेलात?"

"बटणं राहिलीत अजून."

१७ मार्च, रविवार
मावशींनी सगळ्यांना दम भरला. एका वेळी एकानेच जायचं. गोळ्या डॉक्टरांच्या, बसणं आपलं. त्यात कोणी नाक खुपसायचं नाही. प्लंबरने कान पकडले.

आज माझी पाळी. बसणं म्हणजे मला शिक्षाच, बुडाला चाकं लागलेली! पेंटर म्हणाला, "पाय नको हलवू रे, खाट हलते." दोघंही हसलो. किती दिवसांनी!

१ एप्रिल
पेंटर खोलीवर आला. गोळी घेतो, अर्धा दिवस कामाला जातो. आवाज येतात अजून, पण लांबून, म्हणतो. चमत्कार वगैरे काही नाही. माणसं येतात, बसतात, जातात. एवढ्यानेही फरक पडतो. का, ते मला सांगता येत नाही.

१४ एप्रिल, रविवार
पेंटर हॉलमध्ये आला. काकाच नव्हते. "ताप आहे," काकू म्हणाल्या. मागच्या रविवारीही तापच होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेंटरने नाही.

"काकू, बोलतात का ते कुणाशी?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कोणाला सांगू नको म्हणालेत."

पेंटर चपला शोधायला लागला. मी उठलो तर म्हणाला, "तू थांब. आज मी बसतो."