पाठ कधीपासून दुखते

२ मार्च
वाकला! पार बुटांना बोटं टेकेपर्यंत वाकला! डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, "दुखलं की थांबा, तिथवरच मोजायचंय." हा कसला थांबतोय! पाठ किती वाकते त्यावर जखमी सैनिकाची वाढीव भरपाई ठरणार, आणि आमचे सार्जंट नवरोबा त्यांना कवायत दाखवून आले.

गाडीत पट्टासुद्धा मलाच लावावा लागला. "अगं कॉरिन, बाईमाणसासमोर कण्हायचं का?" इराकात पाठ मोडून घेतली, पण 'आई गं' म्हणायला काही शिकला नाही.

५ मार्च
कचेरीतल्या टीगसाहेबांकडे गेलो. ते स्वतः काठी टेकत चालतात, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या माजी सैनिकांचे दावे तेच लढवतात. डेलला म्हणाले, "गाढवा, परेड होती का ती?" मग पुन्हा तपासणी मागून दिली. देव त्यांचं भलं करो.

१४ एप्रिल
आज दुसऱ्या तपासणीत अर्ध्यातच थांबला. "दुखतंय" म्हणाला. मी भिंतीकडे बघत राहिले.

२० मे
निकाल आला. पाठ जास्त बिघडलीय हे मानलं— पण १४ एप्रिलपासून! म्हणजे त्याआधी बरी होती?

गेल्या सप्टेंबरात त्याने पाठीपायीच धान्याच्या कोठारातली नोकरी सोडली. मग थँक्सगिव्हिंगच्या सणाला सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, भरल्या ताटावर सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "पाठ कसली? आळस आहे." डेल तेव्हा टर्की कापत होता. कापतच राहिला.

पैशाचं सोड. पण ही तारीख म्हणजे बाबांचंच खरं!

२३ मे
टीगसाहेब म्हणाले, तपासणीची तारीख कशी लावतात! दावा जानेवारीतला. त्याच्या आधीच्या वर्षभरात पाठ बिघडल्याचं कुणी नोंदवलं असेल, तर त्या दिवसापासून धरावं लागतं.

नोंदवलं होतं! व्यायाम करून घेणाऱ्या बेटीनाने सप्टेंबरातच पाठ मोजून ठेवली होती. मी तिच्या दवाखान्यात जाऊन तिला मिठीच मारली. "अगं, माझं कामच आहे ते," म्हणत होती बिचारी. तो कागद टीगसाहेबांनी लगेच वर पाठवला.

६ नोव्हेंबर
सप्टेंबरपासून मानलं!!

डेलने दोन वाडगे राजम्याची चिली आणि दोन दालचिनी रोल खाल्ले, मग सिंकपाशी पाठमोरा उभा राहिला. मी भांडी तशीच ठेवली. किती माणसांचे आभार मानू?

संध्याकाळी बाबांचा फोन. "कधीपासून धरलं?"
"सप्टेंबरपासून."
फोन ठेवला त्यांनी.

८ नोव्हेंबर
सकाळी बाबा दारात. बसा म्हटलं तरी बसेनात.
"पोरी, त्या टीगकडे मला नेशील? व्हिएतनामच्या युद्धापासून दुखतेय पाठ."
"कधी बोलला नाहीत कुणाला?"
"बोलतोय की आता."
टीगसाहेबांना फोन लावला. म्हणाले, "आजवर दावाच नाही केला, तर मागचं काही मिळायचं नाही. तारीख आजची पडेल."
आजची तर आजची. बाबांना वाकता येईना, म्हणून त्यांच्या बुटांचे बंद मी बांधले आणि गाडी काढली.