सामानाजवळ कोण बसणार?

तीर्थस्वरूप वन्संना पुनावळ्याहून नीलिमाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून उभ्यानेच घातला, पण साष्टांगच समजावा).

तुमची प्रकृती कशी आहे? मुख्य म्हणजे गुडघा कसा आहे? जिने चढवत नाहीत म्हणत होतात, ते अजून तसंच आहे का? एका जागी बसून राहिलं तर दुखत नाही ना? सविस्तर कळवा. आकुर्डीहून इथे रिक्षाने येता येतं, फोनही आहे, मग हिला पत्राचं काय खूळ लागलं, असं तुम्ही म्हणाल. पण वन्सं, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि माझ्या घरातली गोष्ट तुमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. (गेल्या खेपेला माझ्या पित्ताची चौकशी तुमच्या इस्त्रीवाल्याने केली.) म्हणून हे पत्र. वाचून झालं की डब्याखाली वगैरे ठेवू नका, फाडून टाका.

तर, मे महिन्यात आम्ही तारकर्लीला निघालो आहोत. नुसता समुद्र बघायला नाही, स्नॉर्केलिंगला. म्हणजे डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. पोहता यावं लागत नाही, जाकीट देतात, शिवाय तिथली माणसं हात धरून असतात म्हणे. केयूर चाकणच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे, त्यामुळे घरात रीतसर मीटिंग झाली. बोटीत कोण कुठे बसणार, सईला कोणी धरायचं, सूनबाईंना मळमळलं तर (अबोलीला चिंचवडपर्यंतसुद्धा गाडी लागते) आवळासुपारी कोणाच्या खिशात, सगळं ठरलं. मास्कही मागवले. चार. तुमचे बंधू, केयूर, अबोली आणि सई. शेवटी मी विचारलं, आणि मी? तर केयूर म्हणाला, "आई, तू आहेसच की सामानाजवळ."

वाईट हेतूने नाही म्हणाला तो. छताला पंखा असतोच, तसं म्हणाला. आणि वन्सं, मी असतेच. गणपतीपुळ्याला होते, काशिदला होते, महाबळेश्वरला तर समुद्र नसूनही होते. घड्याळं, चष्मे, किल्ल्या, पाकिटं, सगळं माझ्या मांडीवर. खोटं कशाला बोलू, त्यात थोडा मोठेपणाही वाटायचा. "जा रे तुम्ही, मी बसते" हे मीच इतक्यांदा म्हटलंय की दुसऱ्या कोणाला म्हणायची संधीच मिळाली नाही. पण त्या दिवशी टेबलावर चार मास्क ओळीने ठेवलेले बघितले आणि एकदम जाणवलं, आपण एवढे समुद्र पाहिले ते सगळे चपलांच्या ढिगाआडून. मला यंदा पाण्यात जायचं आहे. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, पहिल्यांदा तुम्हालाच लिहिते आहे.

आता तुमच्या बंधूंचं ऐका. मास्क आले त्याच संध्याकाळी त्यांनी बाल्कनीत टब भरून चाचणी घेतली. (जन्म तपासणी खात्यात गेला, आमच्याकडे भेंडीसुद्धा पास झाल्याशिवाय आत येत नाही.) तोंड पाण्यात घातलं आणि नाकात पाणी जाऊन असे ठसकले की खालच्या मजल्यावरचे दौलतराव धावत वर आले. झालं होतं असं, की मास्क मिशीवर नीट बसत नाही आणि तिथून पाणी आत शिरतं. मग मिशीला व्हॅसलीन लावून झालं, खोबरेल झालं, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून झाली. शेवटी सई म्हणाली, "आबा, मिशीच काढा ना." मग त्यांनी मास्कच रिजेक्ट ठरवला आणि पेपर उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले होते, अबोली आतल्या खोलीत कामाच्या कॉलवर होती. मी तो रिजेक्ट मास्क उचलला, बाथरूमला कडी लावली, स्टुलावर बादली ठेवून भरली आणि तोंड आत घातलं. वन्सं, पहिल्याच खेपेला चपखल बसला. थेंब आत आला नाही. दिसत काय होतं म्हणाल, तर बादलीचा लाल तळ आणि सईची हरवलेली केसांची पिन. पण ती पिन इतकी स्वच्छ, इतकी मोठी दिसत होती! आणि कानात फक्त माझा स्वतःचा श्वास. कुकर नाही, बेल नाही, "आई, माझं हे कुठंय" नाही. किती वेळ गेला कळलं नाही. मला रडू आलं, आणि मास्क लावून रडू नये हेही कळलं (काच आतून धुरकट होते). तेवढ्यात अबोली दार वाजवायला लागली. मी "आले, आले" म्हटलं, पण ते नळीतून, त्यामुळे बाहेर म्हैस रेकल्यासारखं ऐकू गेलं. तिने घाबरून केयूरला फोन केला. तो बिचारा काम टाकून चाकणहून सुटला. मी लगेच बाहेर आले, त्याला परत फोन लावला, पण तोवर त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. मोशीच्या ट्रॅफिकमधून तो घरी पोचला तेव्हा माझे पोहे करून, खाऊन, कढई घासून झाली होती.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. खुर्ची ओढून समोर बसला आणि म्हणाला, "आई, तुला जायचंय का पाण्यात?" आणि मी काय म्हणाले? "छे रे, मास्क धूत होते." जिभेला इतक्या वर्षांचं वळण, ती त्याच वाटेने गेली. त्याने सोडलं नाही, तेव्हा म्हटलं, "आणि सामानाजवळ कोण बसेल?" यावर सगळे खरोखर विचारात पडले. अबोली म्हणाली, सामान गाडीत ठेवू. तुमचे बंधू म्हणाले, आणि गाडीची किल्ली? आपणच बसावं हे त्यांना सुचलं नाही (मास्क पुन्हा पास झालाय आणि आरशासमोर मिशीचं मोजमाप चालू आहे). मास्कचं काही नाही, तिथे भाड्यानेही मिळतो. सामानाचं मात्र अजून अडलंच आहे.

असो. घरात बाकी सगळे खुशाल. कैरीचं लोणचं रिक्षावाल्या खंडूबरोबर पाठवलंय, बरणी परत करायची घाई नाही.

तुमची,
नीलिमा

ता. क. केयूरची गाडी सात जणांची आहे. खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी धरली आहे. सोलकढी हवी तेवढी.

आणखी एक. माझ्या लग्नानंतर आपण सगळे पहिल्यांदा अलिबागला गेलो होतो, आठवतं? तुम्ही सगळ्यांच्या चपला आणि तुमचं घड्याळ माझ्याकडे दिलंत आणि म्हणालात, "नवी साडी आहे तुझी, भिजेल. तू बस, आम्ही पाच मिनिटांत आलोच." राग नाही हो त्याचा. घडीची खुर्ची घेतली आहे, छत्री रोवून देईन, थर्मासमध्ये चहा असेल. गुडघ्याची चौकशी सुरुवातीलाच केली, ती उगाच नव्हती. तुम्ही बसा, मी पाच मिनिटांत आलेच.