मागच्या खोलीतले ग्रहण

सौंसर,
५ फेब्रुवारी १९८०

ती. दादास,
उर्मिलाचा सा. न. वि. वि.

सोळा तारखेच्या ग्रहणाला तू प्रयोगशाळेतून रजा काढून आमच्या शाळेत येणार, हे ऐकून आठवीच्या मुली नाचत सुटल्या. पुठ्ठ्यांना भोके पाडून ठेवली आहेत. सूर्य कागदावर पाडून बघायचा, डोळे वर करायचे नाहीत, हे सगळ्यांना पाठ आहे.

पण घोडे माझ्यापाशीच अडले. मला सहावा महिना, म्हणून ग्रहण सुटेपर्यंत मागच्या खोलीत निजून राहायचे, असे सासूबाईंचे फर्मान आहे. सुई नाही, कात्री नाही, कूससुद्धा बदलायची नाही. हे म्हणतात, आईचे ऐक. गावात बातमी पसरली. काल एका मुलीचे वडील, यशवंतराव, शाळेत येऊन म्हणाले, "बाई सोता घरात बसून राहिल्या, तं आमच्या पोरीईले काहून धाडाव?"

काहीतरी कर. आईला नमस्कार, आणि माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
उर्मिला

पांढुर्णा,
९ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. उर्मिलास,
अनेक आशीर्वाद.

कालच घरी पोचलो. आई तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळते आहे. त्यातले दोन मी तपासणीसाठी खाल्ले.

आम्ही संशोधक आपले निबंध आपणच वाचतो आणि आपणच माना डोलावतो. एकदा तरी मुलींसमोर उभे राहावे म्हणून आलो, आणि तू निजून राहणार? बाळाला काही होत नाही, हे तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे. सरळ दार उघड आणि चालू लाग. सुरेशरावांनाही खरमरीत पत्र टाकले आहे. मी शाळेत असेनच.

बाळाच्या मामाचे आशीर्वाद पाठीशी आहेत.

तुझा दादा,
वसंत

सौंसर,
१८ फेब्रुवारी १९८०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दार उघड, हे लिहायला सोपे. तुझ्या पत्राने हे इतके चिडले की कडी बाहेरून घातली. शाळेत एकही मुलगी आली नाही, तू पटांगणात शिपायाबरोबर उभा राहून परत गेलास, हे कळले तेव्हा मला रडू आवरले नाही.

आता ऐक. माझ्यासोबत सासूबाई आणि थोरल्या जावेची चंद्रकला होती. ती माझ्याच वर्गात आहे. सासूबाईंनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. त्यातली एक निसटली आणि समोरच्या भिंतीवर रुपयाएवढा उजेड पडला, एका बाजूने खाल्लेला. खोली एवढी अंधारी केली नसती तर तो दिसलाही नसता. सासूबाईंनी झटकन फटीवर हात ठेवला. मी म्हटले, तो सूर्यच आहे, माझ्या अंगावर नाही, भिंतीवर आहे. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला, मग ठेवलाच नाही. कोर बारीक होत गेली तशी चंद्रकला भिंतीला नाक लावून बसली. मी तिला सगळे समजावले. इतक्या आनंदात मी कित्येक दिवसांत नव्हते.

कडी वाजायच्या आत सासूबाईंनी चिंधी परत कोंबली आणि आम्हा दोघींना म्हणाल्या, "कोनाले सांगजा नोको."

आज वर्गात मुलींनी विचारले, बाई, तुम्ही पाहिले का? मी नाही म्हटले. मग त्यांनी चंद्रकलेला विचारले. तिने माझ्याकडे पाहिले आणि तीही नाही म्हणाली. दादा, हिच्यासारख्यांसाठीच तर तुला बोलावले होते.

रागावला असशील, तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
उर्मिला