मार्चपर्यंत बंड नाही

२ जुलै
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी, मागाहून लोक काहीबाही रचतात. काम असं: बंडं का होतात ते आकड्यांत मांडायचं. इतकी वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणजे पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. पुरे. धान्याचे भाव, बेकार तरुण, दरबारातली भांडणं आणि राजाचा स्वभाव, एवढे चार रकाने भरले की बंडाची तारीख निघायलाच हवी. सांख्यिकीचा ऑनलाइन कोर्स झालाय. सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलं.
संकल्प: रोज दोन तास. स्टाफरूममधल्या गप्पा बंद.

९ जुलै
चाळीस बंडं एक्सेलमध्ये भरून झाली. राजांना मानसशास्त्रीय गुण दिले: अहंकार, संशय, हट्ट. ज्यांच्या स्वभावाबद्दल कुठेच काही सापडलं नाही, त्यांना चित्रातल्या हनुवटीवरून दिले. बायकोने विचारलं, माझे किती? म्हटलं, तू नमुन्यात नाहीस. म्हणाली, ते कळलंय केव्हाच. विनोदबुद्धी बरी आहे तिची.

१५ जुलै
चाळीसपैकी अडतीस बंडं मॉडेलने बरोबर सांगितली! सांख्यिकीच्या बाईंना दाखवलं. म्हणाल्या, सर, ही सगळी बंड झालेलीच ठिकाणं आहेत. भाव वाढले, राजा हट्टी होता आणि तरी काहीच झालं नाही, अशी ठिकाणं कुठायत? मी म्हटलं, बाई, काहीच झालं नाही त्याला इतिहास म्हणत नाहीत. त्या खाली बघून पर्स आवरायला लागल्या. मला पाण्यात बघतात, आज खात्री झाली.

२८ जुलै
मेलेल्यांवर किती दिवस काढणार? मॉडेल जिवंत संस्थेवर लावून बघायचं. आमचंच कॉलेज. प्राचार्यांकडे परवानगी मागायला गेलो, तर कधी नव्हे ते बसा म्हणाले. वर म्हणाले, यातून एक संशोधन केंद्र काढता येईल, संचालक कोण हे काय सांगायला हवं? मी नम्रपणे खाली बघितलं. बुटांना पॉलिश हवंय.

४ ऑगस्ट
प्रश्नावली वाटली. नाव लिहायचं नाही, फक्त विभाग, हुद्दा आणि नोकरीची वर्षं. तरी लोक बिचकतात. म्हणून धाकट्या मेव्हण्यापासून सुरुवात केली. तो आमच्याच केमिस्ट्री लॅबमध्ये सहायक, सात वर्षं कंत्राटावर. भावोजी, खरं लिहू का, म्हणाला. म्हटलं, घरच्या माणसावर विश्वास नाही? त्याने भरून दिली. त्याने दिली म्हणून बाकीच्यांनीही दिली.

२० ऑगस्ट
असंतोष निर्देशांक ०.९१. माझ्या चाळिसांत ०.८च्या वर एकही राजा टिकलेला नाही. मेव्हण्याने तर मन मोकळं केलंय: ॲसिडच्या कपाटाची फळी मोडलीय, तीनदा लिहून दिलं, कुणी ढुंकून बघत नाही, इथे माणसापेक्षा परीक्षानळीची काळजी जास्त. उत्कृष्ट डेटा.

२२ ऑगस्ट
प्राचार्यांपुढे सादरीकरण. पडद्यावर प्रत्येक माणूस एक ठिपका, जितका असंतुष्ट तितका लाल. सगळ्यात लाल ठिपका कोणाचा, असं त्यांनी विचारलं. मी बाणेदारपणे सांगितलं की नावं गोपनीय आहेत. केमिस्ट्री, सहायक, सात वर्षं, यापुढे एक अक्षर बोलणार नाही. त्यांनी तेवढं टिपून घेतलं. इतर दोन ठिपक्यांचंही घेतलं. शास्त्राची इतकी कदर असलेला प्रशासक विरळा.

१ सप्टेंबर
मेव्हण्याचं कंत्राट वाढवलं नाही. आणखी दोघांचंही. बायकोने विचारलं, तुम्ही काही बोललात का? मी सांगितलं, नावाचा उल्लेखही नव्हता. तिने विचारलं, लॅबमध्ये सहायक किती? एक. म्हणाली, म्हणजे नाक, डोळे, पत्ता सगळं दिलंत, नाव तेवढं झाकलंत. मी शांतपणे समजावलं की दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं सिद्ध होत नाही. सांख्यिकीचं पहिलं तत्त्व. तिने माझं ताट वाढलं आणि आत जाऊन बसली.

६ सप्टेंबर
मेव्हणा आला. भांडेल असं वाटलं होतं, मुद्दे काढून ठेवले होते. तो बहिणीशीच बोलत बसला. निघताना म्हणाला, भावोजी, माझ्या जागी येईल त्याला त्या कपाटाचं तेवढं सांगा. खालच्या बाटल्या फळीला हात टेकवूनच काढायच्या. म्हटलं, सांगतो.

८ सप्टेंबर
त्याच्या जागी कुणी नेमलेलंच नाही. शिपायालाच मांडामांड करायला सांगितलंय. मग सांगायचं कुणाला? जिन्यात दिसला, पण तो घाईत होता. मीही.

१० सप्टेंबर
नव्याने गणित केलं. ०.४२! असंतुष्ट गेले, असंतोष गेला. स्टाफरूममध्ये कमालीची शांतता, मी आत गेलो की विशेषच. भाकीत लिहून, सही करून प्राचार्यांना दिलं: मार्चपर्यंत बंड नाही.

१५ सप्टेंबर
शिपायाचा हात भाजला. फळी कलंडली, बाटली फुटली. मनगटापर्यंत गेलंय म्हणतात. मी सांगणारच होतो. पण सांगितलं असतं तरी टळलं असतंच असं नाही. नमुना फार लहान आहे.
जेवण गेलं नाही.

१६ सप्टेंबर, सकाळी
सगळे कॉलेजच्या पायऱ्यांवर सतरंज्या टाकून बसलेत. शिक्षक, कारकून, माळीसुद्धा. सांख्यिकीच्या बाई पुढे. तास बंद. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून निरीक्षण करतोय. भाजलेला हात हा रकानाच मॉडेलमध्ये नव्हता. किरकोळ दुरुस्ती.

दुपारी
बायकोही तिथे बसलीय. ती तर या कॉलेजात नोकरीलाही नाही. भावाशेजारी, मांडी घालून. वर एकदाही बघितलं नाही.

१७ सप्टेंबर
आज उलगडा झाला. या बंडाचं मूळ कारण मी आहे. बंडाचं कारण एका माणसात इतकं स्वच्छ सापडावं, असं माझ्या चाळिसांत एकही उदाहरण नाही. मागण्यांत माझं नाव पहिलं असणार. बडतर्फ करा, निदान जाहीर माफी. चार पानी निवेदन लिहून काढलं. संकल्प: आवाज कापू द्यायचा नाही.

१८ सप्टेंबर
प्राचार्यांनी सगळं मान्य केलं. बाईंनी मागण्या मोठ्याने वाचल्या. तिघांना परत घ्यावं, कायम करावं. शिपायाचा उपचार कॉलेजने करावा. कपाट बदलावं. मी निवेदन खिशात घालून मागे उभा. वाचून संपलं. मी नाही, मॉडेल नाही, प्रश्नावलीसुद्धा नाही. न राहवून विचारलं, बाई, काही राहिलं का? त्यांनी कागद उलटून बघितला. नाही सर, एवढंच.
टाळ्या. लोक उठले. बायको डोळे पुसत हसत होती, शिपायाच्या बायकोशी बोलत होती. मेव्हणा माझ्याच दिशेने आला. मी खिशात हात घातला, घसा साफ केला. तो म्हणाला, भावोजी, जरा बाजूला होता का? सतरंजी गुंडाळायचीय.
झालो.