शेजारच्या खुर्चीतली सावित्री

६ जानेवारी, मंगळवार
तिसरी किमो. शेजारच्या खुर्चीत पुन्हा तीच — संगमेश्वरकडची सावित्री. सुई टोचतानाही हसते! "बाई, वाईच हसा की. हसायला काय डॉक्टरची परवानगी लागते?" तिची मुलगी दिशा हिने तिला सांगितलंय — साधी गाठ होती, काढली, हे सलाइन ताकदीचं. एक स्तन गेला, केस गेले, तरी बाईला शंका नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मला सगळं कळतं. कळून काय मिळालं?

११ जानेवारी
सकाळपासून छातीत धडधड. दूध उतू गेलं. मी समोर उभी राहून बघत होते.

१४ जानेवारी
जाऊबाई, उल्का, तिळगूळ घेऊन आली. "वैदेही, किती गं तू धीराची!" म्हटलं, कापलेली जागा बघायचीय? चहा न घेताच पळाली. बरं वाटलं.

१९ जानेवारी
दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीने विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" मी तोंड उघडायच्या आत नवरा, मुकुल, बोलला — "छे! ही खंबीर आहे." तिने मुकुलला बाहेर बसवलं. मग मी सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं. डिप्रेशन आहे म्हणाली, आणि चिंतेचा आजार. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी रोज एक गोळी लिहून दिली.
परतताना मुकुल म्हणाला, रिपोर्ट चांगला आलाय. फाइल त्याच्याच कपाटात असते. मीच बजावलंय, मला दाखवू नकोस — वाचायची हिंमत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
चौथी किमो. आज केलंच मी ते.
सावित्री म्हणत होती, "आवंदा भात लावनार मी. तुमी बगायला या, बाई." इतका राग आला! हिने का म्हणून खूश राहायचं? मुकुल आणि दिशा खाली औषधं आणायला गेले होते. वर्गात शिकवावं तसं सावकाश सांगितलं — हा कॅन्सर आहे. ताकदीचं सलाइन नव्हे हे. तुझा आणि माझा आजार एकच.
आधी हसली. मग माझ्याकडे बघतच राहिली. "येकच? तुमचा नि माजा?"
हो म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.
घरी येऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी!

३ फेब्रुवारी
लाज वाटते. थोडी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पाचवी. शेजारची खुर्ची रिकामी. नर्स म्हणाली, सावित्री यायला तयार नाही. जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर पडून असते. किमो अर्धवट सोडली तर काय होतं हे नर्सने सांगितलं नाही. मला ठाऊक आहे. हे माझं पाप आहे. तिला परत आणलंच पाहिजे. दिशाचा नंबर मागून घेतला.

१८ फेब्रुवारी
फोन केला. माफी मागितली. दिशा शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं लिव्हरमध्ये पसरलंय. तुमच्या मिस्टरांनी डिसेंबरातच आईला सांगितलं होतं. बायकोला कळू देऊ नका, तिला जरा हसवा, म्हणाले. म्हणून आई तुम्हाला हसवत होती. तुमचा नि तिचा आजार एकच म्हटल्यावर तिला वाटलं, आपलंही तसंच."

मुकुलकडे फाइल मागितली. म्हणाला, "आधी जेवून घे."