बैठक कुठे हवी?

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार (कागदावरच, माझ्या कमरेने असहकार पुकारला आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? अजून दिवसभर उभ्यानेच इस्त्री करतेस ना?

पत्रास कारण, तू मला आधी तोंडघशी पाडलंस आणि मग हात देऊन उठवलंस. जुन्या गोदामांच्या जागेवर वन होणार आणि त्याचा नकाशा मी काढतोय, हे तुला ठाऊक आहेच. वन सर्वांचं, म्हणून सर्वांना विचारायचं ठरलं. चिठ्ठी मी लिहिली: ‘नव्या वनासाठी बैठक कुठे हवी, ते कळवावे.’ टेकडीवरच्या बंगल्यांतून सहा उत्तरं आली, सहाही एकच: क्लबात, बुधवारी अकराला. तुमच्या खालच्या वस्तीतून एकशे चाळीस आली. बसथांब्याजवळ, सावलीत. नळापाशी, पण चिखल नको. एकाने लिहिलं, मी आणि बायको मावू एवढी रुंद, सासूबाई मावल्या नाहीत तरी चालेल. लोक आपली टिंगल करताहेत आणि ही अक्कल तुझीच, असं आमच्या कचेरीतल्या साहेबांनी मला सुनावलं. मी मान खाली घालून उत्तरं चाळत बसलो, तर ओळखीचं अक्षर दिसलं: ‘बैठकीला पाठ हवी, उठताना धरायला हात हवा.’ तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी सभेबद्दल विचारत होतो आणि तुम्ही बाक सांगत होता. (दारोदार फिरून चिठ्ठीचा अर्थ तूच लावून दिलास, हे शिपाईमामांकडून नंतर कळलं.)

मग मी प्रत्येक उत्तराचं एक टिंब नकाशावर दिलं. बहुतेक टिंबं खालच्या अंगाला पडली, जिथे नकाशात सलग भिंत होती. फाटक एकच, तेही बंगल्यांकडे. साहेब टिंबांवरून बोट फिरवत म्हणाले, "ही माणसं आत येणार कुठून?" आता खालच्या बाजूलाही फाटक दाखवलं आहे, बसथांब्यासमोरच. आत्या, वीस वर्षं नकाशे काढले, पण कुणाला काय विचारायचं असतं ते तुमच्या चुकीने शिकवलं. फार बरं वाटलं, आणि मनापासून आभार.

तुझा,
नकाशेवाला भाचा

ता. क. फाटक अजून पेन्सिलीतच आहे. बुधवारी अकराला क्लबात बैठक आहे (ही सभाच), बंगल्यांतले सहाही जण येणार आहेत. वस्तीतलं कोणी नसलं तर ते खोडायला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या दिवसाची रजा टाक, पण ये.

आणखी एक ता. क. आल्यावर विचार, ती भिंत नकाशात कोणी आखली. साहेबांकडे बघू नकोस. दहावीपर्यंत तुझ्याच घरी वाढलो, तरी वस्तीतलं कोणी वनात येईल हे मला सुचलं नाही. सगळ्यांदेखत विचार. मी उभा राहीन.