दाराकडची टाटपट्टी

बाबा, तुमचा प्रबंध काल पुन्हा काढला. लाल रेक्झिनची बांधणी, वरची सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली. मी इतकी वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्राची संशोधनपद्धती शिकवते, लोकांचे प्रबंध तपासते, आणि वाईट प्रबंध मला चौथ्या-पाचव्या पानावर कळतो. तुमचा कळला नव्हता, कारण परीक्षक म्हणून मी तो कधी वाचलाच नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, असा शिक्षक पुन्हा होणे नाही. मीही मान हलवली. आता मात्र तोंडी परीक्षेला बसवावं तसं तुम्हाला समोर बसवते आहे. तुम्हाला उत्तर देता येणार नाही, याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा हिवाळा होता. तुमसर तालुक्यातलं आपलं गाव, सातवीचा वर्ग, तुम्ही वर्गशिक्षक आणि मी तुमच्याच वर्गात. एम.एड. झालं की भंडाऱ्याच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळायची आशा होती, आणि त्यासाठी प्रबंध हवा होता. विषय तुम्ही चांगला घेतलात: कौतुक आणि निंदा यांचा गणितातल्या प्रगतीवर होणारा परिणाम. सुरुवातीला एक चाचणी, मग तीन आठवडे रोज दहा उदाहरणं, शेवटी पुन्हा चाचणी. एका गटाचं रोज कौतुक करायचं, दुसऱ्याला रोज टोचून बोलायचं, मग उदाहरणं बरोबर येवोत की चूक. मुलांना पत्ता लागू द्यायचा नाही, कारण आपल्यावर प्रयोग चाललाय हे कळलं की माणूस नेहमीसारखा वागत नाही. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम आहे. फक्त तिसरा गट कुठे होता, बाबा? ज्याला चांगलंही म्हटलं नाही आणि वाईटही नाही, असा एक गट बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार? पण ते जाऊ द्या, ती तुमची लहान चूक.

मोठी चूक आपल्या स्वयंपाकघरात झाली, माझ्या डोळ्यांदेखत. आई चुलीपाशी भाताची पेज काढत होती आणि मी तुमच्या तक्त्यांच्या रेघा आखत होते, कारण माझा हात सरळ होता. आपल्या वर्गात पोरांना बसायला दोन लांब टाटपट्ट्या होत्या, एक खिडकीकडे, एक दाराकडे. तुम्ही खिशातून नाणं काढलंत. छापा पडला तर खिडकीचं कौतुक. छापा पडला. आई म्हणाली, "लेकरायले मुद्दाम बोलान का?" तुम्ही म्हणालात, "हे शास्त्र आहे. ज्याचं त्याचं नशीब, माह्या हातात काही नाही." मग माझ्याकडे वळलात. "कोणाजवळ बोलू नको. बोललीस तं सारा प्रयोग मातीत."

आपल्या शाळेत कोण कुठं बसावं हे कोणी सांगत नाही, याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. साहेब तपासणीला आले की आवर्जून सांगायचात. पण कोणी सांगत नव्हतं म्हणूनच पोरं ज्यांच्यासोबत शाळेत यायची त्यांच्याच शेजारी बसायची. खिडकीकडे आम्ही, धानाच्या बांध्या, स्वतःची शेतं असलेल्यांची. दाराकडे बौद्ध मोहल्ल्यातली, झाडून सगळी. तुमच्या एका नाण्यानं अख्खा मोहल्ला शिव्यांच्या बाजूला गेला. नाणं उडवायचं ते एकेका पोरासाठी, बाबा. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते आणि त्यांना ते एका तासात समजतं. तुम्ही जात मानणारे नव्हता. मोहल्ल्यातल्या लग्नांत पंगतीला बसायचात, त्यावरून काकांशी तुमचा अबोला होता. मला वाटतं, आपल्याला जात दिसत नाही याचा इतका गर्व होता की समोरची टाटपट्टीसुद्धा दिसली नाही. आणि स्वतःची मुलगी प्रयोगात, वर तिला आराखडा ठाऊक! एवढ्या एका गोष्टीवर मी तुमचा प्रबंध परत पाठवला असता.

दाराकडच्या टाटपट्टीवर एक मुलगी बसायची. तुम्हाला ती आठवणार नाही, तक्त्यात तिचा नुसता क्रमांक आहे. चौथीपासून गणितात पहिली तीच. पहिल्या दिवशी ती वही घेऊन उठते, दहापैकी दहा. तुम्ही वही उलटीसुलटी करता आणि म्हणता, "कोणाचं पाहून लिहिलीस?" ती म्हणते, "माह्यं मीच केलं, गुरुजी." "येवढी अक्कल तुले कधीपासून आली? बस खाली." वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी अक्षराची खोड काढता, कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी. तिसऱ्या दिवशी काही काढायला सापडत नाही, तर वही न बघताच खाली टाकता. तुम्ही कामात चुकार नव्हता, एक दिवस सोडला नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ती बरोबर आलेली उत्तरं खोडून दुसरी लिहायला लागली. मी खिडकीकडून बघत होते. माझी आठ बरोबर आली तरी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून शाबास म्हणायचात. त्याआधी कधी म्हणाला नव्हता आणि नंतर कधी म्हणाला नाहीत. तीन आठवडे बाप कौतुक करतो, तेही आराखड्यात लिहिलंय म्हणून, आणि पोरीला ते ठाऊक असूनही गोड लागतं, हे तुमच्या कुठल्या प्रकरणात बसवाल?

तिचे वडील तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाल होते. तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी ते सायकलनं आपल्या दारात आले. अंगावर कोंडा तसाच, कामावरून थेट आलेले. मी दारामागे होते. "गुरुजी, पोरगी घरी रडून राहिली. म्हणते, मले काही येत नाही. सातवीच्या समोर तुमसरच्या हायस्कुलात घालाचं मनात होतं माह्या. तिची माय म्हणते, बिड्या वळाले बसवू. तुमी सांगा. तुमी म्हणान तं पोट मारून शिकवतो." त्या घरात शिक्षणापेक्षा मोठं काही नव्हतं, आणि म्हणूनच मास्तरच्या शब्दापुढे त्यांना दुसरा शब्द नव्हता. पोरगी हुशार आहे, एवढंच म्हणायचं होतं तुम्ही. तुम्ही धोतराचा सोगा झटकलात आणि म्हणालात, "आता काही सांगता येत नाही मले. सोमवारी या." ते हात जोडून म्हणाले, "समजलो, गुरुजी." काय समजले ते मला त्या वयातही कळलं. ते गेल्यावर मी विचारलं, "बाबा, सांगितलं काहून नाही?" तुम्ही म्हणालात, "तीन दिवस बाकी आहेत. आता सांगितलं तं आकडे बिघडतील."

गुरुवारपासून ती शाळेत आली नाही. शनिवारी शेवटची चाचणी झाली आणि प्रयोग संपला. सोमवारी तिचे वडील आले नाहीत, तुम्हीही त्यांच्याकडे गेला नाहीत. प्रयोग संपला की ज्याच्यावर केला त्याला समोर बसवून सगळं खरं सांगायचं, ही आमच्या शास्त्रातली साधी रीत आहे. दाराकडच्या पोरांना तुम्ही काय सांगितलंत? त्यांच्या लेखी गुरुजींनी तीन आठवडे जे म्हटलं ते खरंच होतं. तुमच्या प्रबंधात शेवटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक तळटीप आहे: 'एक विद्यार्थिनी घरगुती कारणामुळे गळाली.' काल ती वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तुम्हाला शिव्या दिल्या. घरगुती कारण म्हणजे आपलंच घर की हो, बाबा.

निष्कर्ष तुमचा बरोबर निघाला, सदोष प्रयोगातून कधीकधी तसाही निघतो. निंदेनं प्रगती खुंटते. भंडाऱ्याला जागा मिळाली, आणि पुढे ऐंशीच्या दशकात जिल्हाभर शिक्षकांच्या शिबिरांत तुमची भाषणं व्हायची, लेकरांचं कौतुक करा म्हणून. ऐकताना बाया डोळे पुसायच्या. एका शिबिरात मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती, आणि पोरांना गणित शिकवायची वेळ आली की म्हणायची, माह्या डोक्यात गणित नाही. हे मला तिच्याच धाकट्या बहिणीनं सांगितलं, हसत हसत.

आता तुमची परीक्षा संपली. एक गोष्ट तुमच्या तक्त्यात नाही आणि तुम्हाला ती कळणंही शक्य नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी हापशीवर ती मला भेटली. आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "काहून चिडून राहिले वं गुरुजी माह्यावर? माह्ये गणितं तं बराबर राहतात ना?" मला सगळं ठाऊक होतं. तुमची ताकीद आठवली म्हणून मी गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण मी गप्प बसलेच नव्हते. मी म्हटलं, "गुरुजी कायले खोटं बोलतील? तुयं डोकंच चालत नाही आता." तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा गुंड उचलून गेली. उत्तरं खोडायला तिनं त्यानंतर सुरुवात केली, बाबा, त्याआधी नाही. मी तसं बोलले ते तुमच्या भीतीनं नाही. ती मागे पडली की वर्गात पहिली मी येणार होते, म्हणून बोलले. आणि आले.

ती तुमसरला असते. घर मला माहीत आहे. गेल्या दिवाळीत तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.